द्राक्षवेलीचा पडदा

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, भजनातली हातपेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची उंच बहीण. बाकावर बसून माझ्या पट्ट्यांवर बोटे फिरवायची आणि खालच्या दोन फळ्या पायांनी दाबत राहायचे. मग माझ्या पोटातल्या भात्यात वारा भरतो आणि मी गाते. पाय थांबले की मी मुकी. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझी गोष्ट त्या खालच्या पायांचीच आहे.

कोल्हापुरातल्या हंबीरराव मिस्त्रींनी मला जुन्या सागवानातून घडवले. बासष्ट साली मी बैलगाडीतून ख्रिस्ती बायकांनी चालवलेल्या मुलींच्या एका शाळेत आले आणि प्रार्थनेच्या दालनात मानाने उभी राहिले. मुली मला मेण लावून चकचकीत पुसत. ज्यांचा सूर चुके त्या मात्र मलाच दोष देत. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

तिथल्या मोठ्या बाई म्हणजे एस्तेरबाई चोपडे. पदर कमरेला खोचलेला, आवाज खणखणीत. डोके, हात, पाय आणि मन ही चारही शिकली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे गणिताइतकाच मान कवायतीला, वाफे खुरपण्याला, शिवणाला, भाकरी थापण्याला आणि गाण्याला होता. शिवाय त्यांनी एक रीत घातली होती, ती मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. जून महिन्यात त्या मुलींच्या जोड्या लावत. एक मुलगी शहरातली, एक वसतिगृहातली. एकीला जे कमी पडेल ते दुसरीने भरून काढायचे आणि वर्षअखेरीला शेरा दोघींना मिळून एकच.

अडुसष्ट साली अशी एक जोडी माझ्यापुढे आली. पद्मजा ही राजारामपुरीतल्या एका कारकुनाची मुलगी. पोलिओने तिचा डावा पाय वाळला होता, त्याला लोखंडी पट्ट्यांचा जड बूट होता. दुसरी राधानगरीकडच्या शेतकऱ्याची पोर. आधीची दोन भावंडे दगावली, ही तरी जगावी म्हणून तिचे नाव धोंडुबाई ठेवले होते. पद्मजाची बोटे गाण्यासाठीच जन्मली होती, पण पाय फळी दाबेना. ती डोळे पुसत उठू लागली, तेव्हा धोंडूने फरशीवर बसकण मारली आणि आपले अनवाणी तळवे माझ्या फळ्यांवर टेकवले.

"तू वरचं बघ. खालचं मी बघती," ती म्हणाली. "पर मला अपूर्णांक शिकवायचं. ते काय माझ्या डोस्क्यात शिरंना."

त्या दिवसापासून त्या दोघी मिळून मला वाजवू लागल्या. धोंडूच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, पण त्यांच्यासारखा संथ, एकसारखा वारा मला कुणी दिला नाही. प्रार्थना संपली की पद्मजा न बघता हात खाली नेई, धोंडू तो पकडी आणि दोघी एकदम उठत. कोण कुणाला आधार देत होती, हे मला कधी कळले नाही.

तीन वर्षांत धोंडूचे अपूर्णांक पक्के झाले. मिरजेला जाऊन नर्स व्हायचे तिने ठरवून टाकले. पण एक्काहत्तरच्या सुरुवातीला तिचे वडील, कृष्णात आण्णा, दालनात येऊन उभे राहिले. उन्हाळ्यात लग्न करायचे आहे, पोरीला न्यायला आलो, असे ते म्हणाले. एस्तेरबाईंनी त्यांना थोपवले.

"पुढच्या शनिवारी संमेलन आहे, आण्णा. तुमची मुलगी इथे काय झाली आहे ते बघा, मग काय ते ठरवा."

आण्णा कबूल झाले. "बरं. डोळ्यानं बघतो. बघून पटलं तर ऱ्हाऊ दे शाळंत."

धोंडूचे सगळे पुढचे आयुष्य त्या बघण्यावर येऊन ठेपले.

इकडे पद्मजाला वेगळीच धास्ती होती. मंचावर सगळे आपल्या बुटाकडेच बघतील, असे ती शिवणाच्या वर्गातल्या मुलींना म्हणाली. त्या मुलींना तिच्याविषयी माया वाटली. आठवडाभर खपून त्यांनी एक रुंद पडदा शिवला, त्यावर हिरव्या-जांभळ्या दोऱ्यांनी द्राक्षवेल भरली आणि तो माझ्यावरून दोन्ही बाजूंना थेट जमिनीपर्यंत सोडला. एस्तेरबाईंनी टाके पाहून शाबासकी दिली. आता बूट कुणाला दिसणार नव्हता. पण करायला गेल्या एक आणि झाले भलतेच. त्या पडद्यामागे फरशीवर बसलेली धोंडूही कुणाला दिसणार नाही, हे एकीच्याही लक्षात आले नाही. माझ्या आले होते. पण लाकडाचे कोण ऐकतो?

त्या दुपारी मी जन्मात गायले नाही तशी गायले. टाळ्या थांबेनात. लोक प्रथमच पद्मजाच्या पायाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत होते. उठले की पडद्याबाहेर बूट दिसणार. ती उठली नाही. तिचे दोन्ही हात माझ्या पट्ट्यांवरच राहिले.

खाली धोंडूने हात वर केला होता. टाळ्या संपेपर्यंत तो तसाच वर होता.

कृष्णात आण्णा मंचाजवळ आले. "गाणं झ्याक झालं. पर माझी पोर कुठं हुती?"

एस्तेरबाई झटकन पुढे आल्या. त्यांनी पडदा उचलला. आत धोंडू घामाघूम होऊन फरशीवर बसली होती.

"आण्णा, हिच्या पायांशिवाय एक सूर निघाला नसता."

"व्हय की," आण्णा शांतपणे म्हणाले. "दुसऱ्याची पोर बाकावर आन माझी खाली बसून भाता मारतीया. राबायचं तर सासरी राबंल. तुमचं मन चांगलं हाय, बाई. पर मी डोळ्यानं बघितलं."

धोंडूने पद्मजाकडे पाहिले. ही माझी जोडीदारीण आहे, एवढे एक वाक्य पुरले असते कदाचित. पद्मजाने बूट बाकाखाली ओढून घेतला. धोंडू ट्रंक घेऊन गेली.

दोन वर्षांनी शाळेत झाडलोट करणाऱ्या चिमणाबाई मावशी राधानगरीकडच्या आपल्या माहेराहून निरोप घेऊन आल्या. पहिल्या बाळंतपणात धोंडू गेली होती. पद्मजाने त्या दिवशी माझे झाकण लावले, ते पुन्हा उघडले नाही. मॅट्रिक होऊन ती शाळेतून गेली.

आणि मित्रांनो, त्यानंतर माझ्या फळ्या हलू लागल्या.

भर दुपारी, दालन रिकामे असताना हलत. वर बोटे नसत, त्यामुळे सूर निघत नसे. नुसता भाता भरायचा आणि ओसरायचा. चिमणाबाई झाडू टाकून विचारत, "कोण हाय गं तिकडं?" उंदीर असतील, असे शाळेने ठरवले. उंदीर मी चांगले ओळखते, त्यांनी माझा भाता दोनदा कुरतडला आहे. पण माझी धडगत नव्हती. शाळेने मला मोडक्या बाकांबरोबर अडगळीच्या खोलीत ढकलले. धूळ साचली, मेण उडाले. तिथेही दुपारी कुणीतरी येऊन बसे आणि वाट बघे. मला भीती वाटत नसे, फार वाईट वाटे. आपण एकदा बोललो असतो तर, हे लाकडालाही वाटू शकते.

चौऱ्याऐंशी साली पद्मजा त्याच शाळेत गाण्याची बाई म्हणून आली. पहिल्याच दिवशी तिने चिमणाबाईंकडून खोलीची किल्ली मागून घेतली. काठी भिंतीला टेकवून ती बाकावर बसली आणि झाकण उघडून पट्ट्यांवर बोटे ठेवली. फळ्या दाबायला कुणी नव्हते, म्हणजे आवाज निघणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

मी वाजले.

तोच संथ, एकसारखा वारा. त्याच भेगाळलेल्या टाचा. फरक एकच होता. आता बोटांत जोडवी होती आणि ती माझ्या फळीवर हलकेच टकटकत होती.

पद्मजा थांबली. मग तिने न बघता हात खाली नेला, तेरा वर्षे उशिरा. कितीतरी वेळ तो तसाच खाली होता. नंतर ती उठली. काठीकडे तिने पाहिलेही नाही.

दारात चिमणाबाई उभ्या होत्या. "बाई, तुमास्नी कुणी उठवलं?"

"माझ्या जोडीदारणीनं," पद्मजा म्हणाली आणि मोठ्याने रडू लागली.

त्यानंतर माझ्या फळ्या आपणहून कधी हलल्या नाहीत. पद्मजाने मला पुन्हा दालनात आणले, पण उलटे वळवून. आता फळ्या लोकांच्या बाजूला असतात आणि वाजवणारीची पाठ. पाहुण्यांना हे विचित्र वाटते. वाटू दे.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, पुसा. मला एक वेळ पुसू नका. पण गाणे आवडले तर पडदा उचलून खाली कोण बसले आहे ते पाहा. आणि बाकावर तुम्ही स्वतः असाल, तर टाळ्या थांबायच्या आत हात खाली न्या. कुणीतरी तो कधीचा धरायला बसलेला असतो.