छापा, काटा आणि निळा दोरा

शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात खुर्च्या ऐंशी होत्या आणि पालक दीडशे. उरलेले सत्तर भिंतींना टेकून, खिडक्यांच्या कट्ट्यांवर आणि एकमेकांच्या पायांवर उभे होते. मंचावर दोरेबाबा होते. पांढरा सदरा, पांढरी दाढी, आणि तळहातावर निळ्या दोऱ्याचं रीळ. ते त्यांनी असं धरलं होतं, की जरा बोट सैल पडलं तर पाखरासारखं उडून जाईल.

"आठ," बाबा म्हणाले आणि सातवीतल्या एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून थांबले. सभागृहही थांबलं. "वीसपैकी आठ. मग आम्ही दोरा बांधला. पुढच्या शनिवारी किती, बाळा?"

"पंधरा."

दीडशे जणांनी एकदम श्वास सोडला. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या मुलाच्या कोणीही लागत नव्हत्या.

मग बाबांनी शास्त्र समजावलं. मेंदूत बहात्तर हजार गाठी असतात. मनगटावर एक गाठ बसली की आतली एक सुटते. आतली सुटली की विद्या वाहू लागते. या हिशेबाने रोज बुटाची नाडी बांधणारा माणूस दहावीपर्यंत जगद्गुरू व्हायला हवा होता. पण तो प्रश्न कोणी विचारला नाही. मोठे सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, डोळे मिटून मान डोलवत होते.

मंचाच्या कडेला हातात खडू घेऊन गणिताच्या बाई उभ्या होत्या. त्यांना पाच मिनिटं मिळाली होती. बाबांच्या यशाचा तक्ता पालकांना समजावून सांगायचा, एवढंच काम होतं.

तक्ता बनवण्याचा हुकूम मोठ्या सरांचाच. बाईंवर त्यांचा तसा रोष होता. ही बाई मुलांना गळक्या नळाचे थेंब मोजायला लावते आणि बस किती उशिरा येते त्याच्या नोंदी ठेवायला लावते, मग अभ्यासक्रम कोण संपवणार, असं ते शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ऐकू जाईल इतक्या खासगीत म्हणत. पण आकड्यांचं काम आलं की बाईंशिवाय चालत नसे. "एवढी हौस आहे ना मोजायची," ते म्हणाले होते, "मग हे मोजा."

बाईंनी मोजलं.

शाळेची पद्धत अशी, की दर शनिवारी वर्गात फळ्यावर वीस विधानं लिहायची आणि मुलांनी प्रत्येकासमोर फक्त 'बरोबर' किंवा 'चूक'च्या रकान्यात खूण करायची. तपासायला भोकं पाडलेला पुठ्ठा. तो उत्तरपत्रिकेवर ठेवला की भोकांतून जितक्या खुणा दिसतील तितके गुण. चाळीस उत्तरपत्रिका अकरा मिनिटांत होत. मोठ्या सरांनी घड्याळ लावून पाहिलं होतं. मग गुणांप्रमाणे बसण्याच्या जागा ठरत. वरच्यांनी पुढे बसायचं, खालच्यांनी मागे. हुशारांना फळा जवळ, बाकीच्यांना दार जवळ, हा मोठ्या सरांचा विनोद. तो दरवर्षी नव्याने होई आणि शिक्षक दरवर्षी नव्याने हसत.

दहा आठवड्यांपूर्वी बाबा आले आणि सातवीच्या वर्गाचा प्रयोग झाला. दर शनिवारी सर्वांत कमी गुणांच्या चौघांना दोरा. नऊ शनिवारांत छत्तीस दोरे बांधले गेले. त्यांतल्या तीस वेळा पुढच्या परीक्षेत गुण वाढले. बाईंनी तीन वेळा मोजलं, तीसच आले. उरल्या सहा वेळा. त्यांतल्या पाच एकाच मुलीच्या होत्या.

ही मुलगी शिंपीकाकांची थोरली. दहा शनिवारांत तिचे गुण आठच्या खाली गेले नाहीत आणि अकराच्या वर आले नाहीत. सात वेळा दोरा बांधून घेतल्यामुळे तिचं मनगट निळं दिसत होतं. बाबांनी तिच्याकडे पाहून तिसऱ्या बोटाने कपाळ दाबलं आणि सांगितलं, की हिच्यात दोष आहे, ही वर्गाचं तेज शोषून घेते. शुक्रवारी मोठ्या सरांचं पत्र शिंपीकाकांच्या दुकानात पोचलं: सोमवारपासून मुलीला पाठवू नये. काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि थोरलीला म्हणाले, चल, बटणांची काजं करायला शीक, हात बसला की पोट तरी भरेल. सभेला ते आले होते ते दाखला न्यायला. मागच्या भिंतीशी उभे होते, गळ्यात मापाची टेप तशीच. शेजारी थोरली.

बाईंना हे सकाळी फाटकापाशीच कळलं होतं. आता त्यांनी तक्ता फळ्याला टाचला.

"छत्तीसपैकी तीस," त्या म्हणाल्या. "आकडा खरा आहे. मी तपासलाय."

टाळ्या झाल्या. मोठ्या सरांनी डोळे उघडून मिटले.

"हा आकडा गुरुवारी मी वर्गाला दाखवला, तेव्हा एकीनं विचारलं, की बाबा खालच्या चारांनाच का बांधतात? पहिल्या चारांना बांधला तर वीसपैकी बावीस पडतील का? मला उत्तर येईना. म्हणून आम्ही एक खेळ खेळलो. तोच तुमच्याबरोबर खेळायचाय. मोठे सर, दोनच मिनिटं जास्त लागतील."

मोठे सर 'नको' म्हणेपर्यंत पुढच्या साठ पालकांच्या हातात नाणी आली होती. कामाला लावलेला पालक हा सगळ्यात आज्ञाधारक प्राणी. प्रत्येकाने दहा वेळा नाणं उडवायचं आणि छापे किती आले ते मोजायचं. छापा म्हणजे गुण. सभागृहात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. खुर्च्यांखाली घरंगळलेली नाणी शोधताना दोन दाढीवाल्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

सर्वांत कमी गुणांचे चौघे मंचावर आले. एक नळ दुरुस्त करणारा, एक परिचारिका, एक बेकरीवाला आणि एक निवृत्त पोस्टमन. पोस्टमनला दहापैकी एक, बाकी तिघांना दोन-दोन.

"शिंपीकाका, दोरा आहे का जवळ?" बाईंनी मागच्या भिंतीकडे पाहून विचारलं.

काकांच्या खिशात दोरा नाही, असा दिवस गेल्या वीस वर्षांत उगवला नव्हता. कच्च्या टाक्यांचा पांढरा दोरा हातोहात पुढे आला. बाईंनी चौघांच्या मनगटांवर तो बांधला, डोळे मिटले आणि सातचा पाढा पुटपुटल्या. जवळच्यांना तो स्पष्ट ऐकू आला.

चौघांनी पुन्हा दहा-दहा वेळा नाणं उडवलं. पाच, चार, सहा. पोस्टमनला तीन.

"चारपैकी चार," बाई म्हणाल्या. "बाबांच्या निळ्यापेक्षा काकांचा पांढरा सरस निघाला."

पहिलं हसू खिडकीतून आलं, मग ते सगळीकडे पसरलं. पोस्टमन मात्र आपल्या मनगटाकडे खरोखरच आदराने पाहत होता.

मग वरचे चौघे आले. आठ, आठ, आठ आणि एका बेकरीवालीला नऊ. ही मघाच्या खालच्या चौघांतल्या बेकरीवाल्याची बायको, आणि ते तिने सर्वांना सांगितलं. बाईंनी बाबांपुढे हात जोडले. आता या चौघांना आपला निळा दोरा बांधावा, म्हणाल्या.

बाबांनी रीळ मुठीत घेतलं. "शिखरावर पोचलेल्याला आधार कशाला? आम्ही पडलेल्यांना उचलतो."

"बांधा की महाराज," मागून कोणीतरी म्हणालं. "नवाचे दहा होऊ द्या."

बाबांना बांधावा लागला. चौघांनी नाणी उडवली. पाच, सहा, पाच, चार. बेकरीवालीचे नवाचे चार झाले. नवऱ्याला सहा पडले होते. त्या घरात पुढे आठवडाभर हाच विषय होता म्हणतात.

"म्हणजे दोऱ्यानं ही माणसं बिघडली का?" बाईंनी विचारलं. "नाही. आधीचा आकडा नशिबाचा होता. एखाद्याला दहांत एकच छापा आला, तर पुढच्या खेपेला त्याचं काय होणार? वरच जाणार. खाली जायला जागाच कितीशी उरलीय? नऊ आलेला बहुतेक खालीच येणार. दोरा बांधा, कान पिळा, नाहीतर नुसते बसून राहा. दर आठवड्याला सर्वांत खालचे चौघे निवडायचे आणि त्यांच्या चढण्याची वाट पाहायची. बाबांनी एवढंच केलं."

बाबा आता जरा पुढे सरकले. आवाज मात्र तोच, तुपातला. "बाई, नाणं निर्जीव. बाळांत चैतन्य असतं. दोन्हींची तुलना म्हणजे अज्ञान."

बाईंनी मघाच्या मुलाला जवळ बोलावलं. आठाचे पंधरा झालेला तो अजून मंचावरच होता. उत्तर येत नसलं की शनिवारी काय करतोस, असं त्यांनी विचारलं.

मुलाने मोठ्या सरांकडे पाहिलं, मग आईकडे. "खिडकीबाहेर बघतो."

"आणि?"

"कावळा दिसला तर बरोबर. नाही दिसला तर चूक."

"त्या आठच्या शनिवारी काय झालं होतं?"

"कावळेच नव्हते, बाई."

सभागृह इतकं हसलं, की मोठ्या सरांना टेबलावर डस्टर आपटावं लागलं. खडूची पांढरी धूळ बाबांच्या दाढीवर बसली, पण रंग एकच असल्यामुळे कोणाच्या लक्षात आली नाही.

हसू ओसरलं तेव्हा बाबांनी शेवटचा डाव टाकला. मागच्या भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "खालचा आपोआप वर येतो ना? मग ती का आली नाही? सात दोरे बांधले. मी म्हणतो, दोष आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. थोरलीने मनगट ओढणीत लपवलं. शिंपीकाका खाली पाहत राहिले. दाखला हातात न घेताच निघून जावं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाईंनी खडू उचलला. मग म्हणाल्या, "बाबांनी आज पहिल्यांदाच बरोबर प्रश्न विचारलाय. नशीब वाईट असलेला माणूस वर येतो. ती येत नाही. म्हणजे तिचं नशीब वाईट नाही, दुसरं काहीतरी आहे. तोंडी हिशेबात ती वर्गात पहिली असते. मग शनिवारीच काय होतं?" त्यांनी फळ्यावरच्या तक्त्याशेजारी वीतभर उंचीचे आकडे काढले आणि हाक मारली. "पोरी, तिथूनच वाच. काय लिहिलंय?"

थोरलीने डोळे बारीक केले. मान तिरकी केली. 

"बाई, तुम्ही लिहिलं का काही?" तिने विचारलं.

शिंपीकाका गडबडले. असं कसं, म्हणाले, ही तर सुईत दोरा एका झटक्यात ओवते, दिव्याशिवाय ओवते, हिचे डोळे अधू कसे असतील? बाईंनी त्यांना सांगितलं, की जवळचं लख्ख आणि लांबचं धूसर दिसणारे डोळे असतात. सुई हातात असते, फळा मात्र आठ बाकं पुढे असतो. उंच झाली म्हणून ती वर्षाच्या सुरुवातीला मागे गेली. मागून दिसेना, म्हणून वीसही उत्तरं अंदाजाने लिहू लागली. अंदाजाने वीसपैकी दहाच्या आसपास पडतात, तेवढेच पडत राहिले. गुण कमी म्हणून आपण तिला मागेच ठेवलं. फळ्यापासून जितकं लांब बसवायचं तितकं बसवलं, आणि मग दोष शोधायला बाबा आणले.

"तू बोलली का नाहीस?" काकांनी मुलीला विचारलं.

"मला वाटलं, मागून कोणालाच दिसत नाही."

 काकांनी तिचं मनगट धरलं, गळ्यातल्या टेपेसोबत लोंबणारी छोटी कात्री काढली आणि सातही दोरे एकेक करून कापले. शेवटचा चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"हा इंटरलॉकचा दोरा आहे," ते म्हणाले. "पडद्यांच्या कडांना वापरतात. पहिल्याच दिवशी ओळखला होता मी." कात्री मिटून म्हणाले, "तरी गप्प बसलो."

दाखला त्यांनी मागितला नाही. खिशातलं पत्र मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवून ते थोरलीला घेऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. बाबाही निघाले, बाजूच्या दाराने. रीळ मंचावरच राहिलं. पुढे वर्गाने ते लांबी मोजायला वापरलं.

मोठ्या सरांनी क्षमा वगैरे मागितली नाही. सोमवारी फक्त एक सूचना लागली, की यापुढे बाकं दर आठवड्याला पाळीपाळीने बदलतील. सूचनेखाली सहीही नव्हती. बाईंना तेवढं पुरलं.

पुढच्या शनिवारी थोरली चष्मा लावून पहिल्या बाकावर बसली. वीसपैकी पंधरा. शिंपीकाका दुकान अर्धवट उघडं टाकून शाळेत आले.  बाईंना, तुमच्या पोलक्याचा खांदा उसवलाय, देऊन जा, एवढंच म्हणाले.

थोरली मात्र खूश दिसत नव्हती. हातात उत्तरपत्रिका घेऊन ती विचार करत उभी होती.

"बाई, पण मी सगळ्यात खाली होते ना?"

"होतीस."

"मग चष्मा नसता तरी वर आलेच असते की. एखाद्या वेळी. नाण्यासारखी. हे पंधरा चष्म्याचे कशावरून?"

शिंपीकाकांनी तिला गप्प करण्यासाठी हात उचलला, पण बाईंनी तो हळूच बाजूला सारला. त्या खुर्ची ओढून बसल्या. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, ना सभेत, ना शिक्षकांच्या खोलीत. दोरा असो, अंगारा असो, चष्मा असो वा बाई असोत, 'हे नसतं तर काय झालं असतं' हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. ते विचारायला मोठं गणित लागत नाही. एक नाणं पुरतं, आणि थोडा धीर.

"मग कसं ठरवायचं?" त्यांनी विचारलं.

थोरलीने चष्मा नाकावर वर सरकवला. "एका शनिवारावर नाही ठरवायचं. अजून पाच घेऊ. पाचही वेळा अकराच्या वर राहिले, तर चष्म्याचं मानू."

"आणि नाही राहिलीस तर?"

"तर दुसरं काहीतरी शोधू," ती म्हणाली आणि वहीत पाच रिकामे चौकोन आखायला बसली.