काचेची डावी बाजू

दिवाळी सरली आणि हरणाबाईनं पुन्हा गाठोडं बांधायला सुरुवात केली. उन्हं कलली की ती भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरात जायची, तवा, परात, जर्मनचं पातेलं काढायची, जुन्या लुगड्यात घालून गच्च गाठ मारायची आणि गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसायची.

"आवं, घोडी आणा की," ती नवऱ्याला म्हणायची. "दिस बुडाय लागला."

धुळा कुठली घोडी आणणार? बिऱ्हाड वाहणारी रुपी मरून जमाना झाला होता. हरणाबाईचा खुबा मोडला त्या वर्षी मेंढरंही विकली. आटपाडीच्या माळावर जिथं मेंढरं कोंडायची वाघर लागायची तिथं आता डाळिंबं होती. पण हरणाबाईच्या मनातून मधली वर्षं कुणी ओल्या फडक्यानं पुसावीत तशी पुसून गेली होती. दिवाळी झाली, माळ वाळला, आता मेंढरं घेऊन पाटणच्या खोऱ्यात उतरायचं, एवढंच तिच्याजवळ शिल्लक होतं.

गाठोडं बांधलं तर बांधलं, त्याचं कुणाला ओझं नव्हतं. पण तिचा जन्मभराचा नेम होता. बिऱ्हाड एकदा बांधलं की नव्या जागी उतरवेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. पूर्वी चालून चालून मुक्काम यायचा, तीन दगडांची चूल पेटायची आणि सगळे जेवायचे. आता मुक्काम येतच नव्हता. गाठोडं कुशीत घेऊन ती उपाशी झोपायची. सकाळी चहात भाकरीचा तुकडा बुडवून खायची तेवढाच. मनगटातली बांगडी कोपराकडं सरकू लागली होती आणि धुळाला ती बांगडी बघवत नव्हती.

मुलानं, धनाजीनं, एकदा तिला गाडीत बसवून पाटणला न्यायचं करून पाहिलं. वेशीपर्यंत गेले नाहीत तोवर तिनं दारावर बुक्क्या मारल्या. "थांबवा! घोडी मागं ऱ्हायली!" तिथूनच माघारी फिरावं लागलं.

धनाजी फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं पांढरी गाडी घेतली होती आणि तिला तो फौजी शिस्तीत ठेवायचा. विट्याच्या बाजारात एका उसाच्या ट्रॉलीनं तिचं दार घासलं आणि वर ट्रॉलीवालाच गुरगुरला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात कॅमेऱ्यानं घर केलं. गाडीच्या आतून काचेला चिकटवायचा, समोरचं सगळं टिपून ठेवणारा कॅमेरा. तो एका सकाळी खोक्यातून आला.

"म्हंजी रस्त्याचं चित्र निघतंय व्हय रं?" धुळानं विचारलं.

"निघतंय की. टीव्हीवर लावून बगायचं."

धुळा उठला. बागेच्या बांधावर जाऊन बसला. बराच वेळ तो त्या चित्रातला रस्ता मनात चालत राहिला. वडूजचा माळ, उंब्रजपाशी ओलांडायची मोठी सडक, मग नदीकडेनं आत वळणारी वाट, दोन्ही बाजूंना करंजाची झाडं. वाट घरी आणता आली तर? हे बोलून दाखवायची त्याला लाज वाटली. आपण अडाणी, काहीतरी खुळ्यागत बोलायचो आणि पोरगा हसायचा. तरी संध्याकाळी त्यानं कसंबसं सांगितलं. धनाजी हसला नाही. नुसता आईकडं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडीपाशी उभे राहिले. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं, की कॅमेरा आतल्या आरशाच्या मागं, काचेच्या मधोमध, वरच्या अंगाला लावावा.

"वायपर फिरतो तेवढ्याच काचेत पायजे," धनाजी म्हणाला. "ड्रायव्हरच्या नजरेआड नको. बॉनेट दिसाय नको. ह्योच पॉइंट बरोबर."

पण नेमकी तिथंच भंडाऱ्याची बोटं होती. गाडी नवी आली त्या दसऱ्याला हरणाबाईनं बिरोबाचं नाव घेऊन, तेलात कालवलेल्या भंडाऱ्यानं आतून काचेवर पाच बोटं ओढली होती. तेव्हा ती शहाणी होती. ती बोटं कुणी पुसली नव्हती. गाडी धुताना धनाजी तेवढी जागा सोडून द्यायचा. आताही त्यानं बोटांच्या खाली, अगदी कडेला, चिकटपट्टी दाबली.

"लय वर हुतंय का?" धुळा पुटपुटला.

"वर म्हंजी?"

"न्हाई, आसू दे. तुला कळतंय."

दोघं पाटणपर्यंत जाऊन आले. उन्हं कलली तेव्हा सूनबाईनं, अंकितानं, टीव्हीला कॅमेऱ्यातलं कार्ड लावलं. पडद्यावर डांबर सुसाट अंगावर येऊ लागलं. पांढरे पट्टे चाकूसारखे सुटत होते, झाडं दोन्हीकडं उडत होती. हरणाबाईनं गाठोडं छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"बंद करा! कुणाची गाडी उलथतीय ती?"

अंकितानं घाईनं बटण दाबलं. "आत्ती, रस्ता हाय त्यो. तुमचाच."

"माझा न्हवं. मी आसं कवा पळले?"

त्या रात्रीही ती जेवली नाही. धुळाला वाटलं, आपणच तिला भिववलं. नको ते सुचतं आपल्याला.

सकाळी धनाजीनं हाक मारली. कॅमेरा काचेवरून सुटून खाली पडला होता. तेलाचं बोट जिथं संपलंय असं दिसत होतं, त्याच्याही खालपर्यंत तेल पसरलं होतं. त्यावर पट्टी कशी धरणार? धनाजीनं स्पिरिटची बाटली आणि फडकं आणलं. फडकं बोटांपर्यंत गेलं आणि थांबलं.

"आबा, पुसू का?"

धुळा गाडीत शिरून आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या सीटवर बसला. समोर ती पाच बोटं, उन्हात पिवळीजर्द. त्यानं मान हलवली. मग त्याचे डोळे आपोआप काचेतून बाहेर गेले. डाव्या कोपऱ्यातून, खालून बघितलं की पांढरं बॉनेट उजव्या हाताला वर चढत गेल्यासारखं दिसत होतं. त्यावर सकाळचं ऊन हलत होतं. ते पत्र्याचं वाटेना. आत धाप असल्यासारखं वाटत होतं. त्याला रुपी आठवली. मेंढरांच्या म्होरं तो असायचा आणि मागून बिऱ्हाड लादलेली पांढरी रुपी. रुपीच्या डाव्या अंगाला, तिच्या मानेवर हात टाकून, हरणाबाई. जन्मभर ती तशीच चालली. सडक तिनं मधोमध उभी राहून कधी पाहिलीच नव्हती. घोडीच्या मानेपलीकडून दिसेल तेवढीच पाहिली होती.

"धना," तो काचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "हितं लाव. डाव्या हाताला, खाली."

"आवं आबा, खाली बॉनेट येतंय की चित्रात! निम्मं चित्र त्येच."

"येऊ दे. त्येच पायजे."

"आन ट्रॉलीवाला उजवीकडनं घासून गेला तर काय बॉनेटची साक्ष काढू?"

"तुझी ट्रॉली मग बग. आदी तुझ्या आयची घोडी लाव."

धनाजी दारातून आत आला. मग तो वाकून वडिलांच्या खांद्याला खांदा लावून काचेतून बघू लागला. बघता बघता त्यानं स्पिरिटचं फडकं डाव्या कोपऱ्यावर फिरवलं आणि कॅमेरा तिथं अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरला.

"तुमी लय खुळं हाय आबा," तो म्हणाला. पण आवाज मऊ होता.

त्याच दिवशी पुन्हा उंब्रज ओलांडून नदीकडेच्या वाटेला लागल्यावर धुळा म्हणाला, "आता चालल्यागत न्हे." धनाजीनं गाडी पहिल्या गिअरवर टाकली. गाडी डुलत डुलत निघाली. मागं उसाच्या गाड्यांची रांग लागली. एक ट्रॅक्टरवाला शेजारून जाताना ओरडला, "पाव्हणं, नवरी बसलीय का आत? वरात काढलीया!"

"व्हय, बसलीया!" धनाजीनं काच खाली करून सांगितलं. "फुडं हो गड्या, पंगतीला बलीवतो!"

करंजाच्या सावल्या बॉनेटवर चढत होत्या आणि उतरत होत्या. कुंपणाच्या घाणेरीला फुलं होती. धुळाला मधेच वाटलं, की आपण गाडीत नाहीच, म्होरं चालतोय, आणि मागं पातेलं वाजतंय. तो मागं वळून बघणार होता, पण वळला नाही. नदीच्या उतारावर, जिथं जनावरं पाण्याला उतरतात, तिथं त्यानं गाडी थांबवायला सांगितली. "जरा ऱ्हाऊ दे. घोडी पानी पिती." धनाजीनं इंजिन बंद केलं, कॅमेरा चालूच ठेवला.

घरी पोचेतो उन्हं कलली होती. हरणाबाई गाठोडं घेऊन उंबऱ्यातच होती. अंकितानं तिला हाताला धरून आत आणलं, टीव्हीपुढं बसवलं. धुळा तिच्या शेजारी टेकला. हे फसलं तर पुढं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

पडद्यावर काहीतरी पांढरं हललं. उजव्या हाताला ती मान होती, उन्हात ओली दिसणारी, आणि तिच्यापलीकडून कुंपण हळूहळू सरकत होतं. एक करंज आला, गेला. पाखरू उडालं. हरणाबाईनं पुढं वाकून बघितलं. तिचा उजवा हात गाठोड्यावरून सुटला, हवेत वर गेला आणि तिथं, काहीच नव्हतं तिथं, अलगद टेकला.

"दमलीया," ती म्हणाली.

"कोन?" धुळानं विचारलं.

"रुपी, आनि कोन? चढ लागला न्हवं." तिनं नवऱ्याकडं रागानं बघितलं. "दोरी ढिली सोडा की! आता पान्याव जाईल ती."

पडद्यावर नदी आली. गाडी थांबली होती, तशी ती वाटही थांबली. पाण्यावर उजेड तरंगत होता. हरणाबाई त्या पाण्याकडं इतका वेळ बघत राहिली, की धुळाला वाटलं, ही आता तिकडंच राहते काय.

मग तिनं मोठा श्वास सोडला. "लय लांब आलो औंदा," ती म्हणाली आणि मांडीवरच्या गाठोड्याची गाठ दातांनी ओढली. गाठ सुटली. तवा बाहेर आला, परात आली, पातेलं आलं. तिनं ती एकेक करून फरशीवर मांडली.

"पोरी," ती अंकिताला म्हणाली, "उतरलं बिऱ्हाड. पीठ हाय का? पोरं उपाशी हायती."

अंकितानं भाकरी थापल्या. हरणाबाईनं अर्धी खाल्ली आणि उरलेली, पूर्वी द्यायची तशी, धुळाच्या ताटात टाकली. दारात धनाजी उभा होता.

"आबा, उद्या परत गाठोडं बांधलं तर?"

"तर उद्या परत लाव की चित्र."

"आन कॅमेरा?"

धुळा त्याच्याकडं बघून ओशाळला. गाडी त्याची, कॅमेरा त्याचा, आणि आपण हट्ट केला. "तुला मधी लावायचा आसंल तर लाव बाबा. आता काय."

धनाजीनं बाहेर अंगणातल्या गाडीकडं बघितलं. अंधारत चाललेल्या काचेवर पाच पिवळी बोटं अजून दिसत होती आणि डाव्या कोपऱ्यात तो काळा ठिपका.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "घोडीच्या चाऱ्याचं काय बगायचं, त्ये सांगा."

आतून हरणाबाई म्हणाली, "ओला नगं घालू तिला. चालून आलीया."