बरोबर तिप्पट

टप्.

पिंपातल्या पाण्यात नळाचा थेंब पडला आणि कानाशी जुळत आलेला आवाज विस्कटला. तिने ओठ आवळले. दोरीवरचं जुनं फडकं ओढून तिने नळाच्या तोंडाला बांधलं आणि त्याचं टोक पिंपाच्या आतल्या कडेला चिकटवलं. आता थेंब मुकाट्याने फडक्यावरून ओघळू लागले.

दोन खोल्यांच्या त्या घरात आतून कडी लागेल असं दार एकच होतं, बाथरूमचं. म्हणून ती भर दुपारी, साडी खोचून, ओल्या फरशीवर पाट टाकून पिंपासमोर बसली होती. मोबाइल साबणाच्या फळीवर तेलाच्या बाटलीला टेकवून उभा केलेला. डाव्या हातात दोन फूट लांबीची पारदर्शक नळी, उजव्या हातात पोलादाचा नादकाटा. काटा चपलेच्या टाचेवर आपटला की बारीक गुणगुणायचा. मग तो नळीच्या तोंडावर धरायचा आणि नळी पाण्यातून हळूहळू वर उचलायची. एका ठरावीक उंचीला ती एवढीशी गुणगुण एकदम फुगते, नळीत बसलेल्या कुणीतरी सूर धरावा तशी. नळीवरच्या खुणांवर ते माप बघायचं. आणखी वर उचलायची, आवाज दुसऱ्यांदा फुगतो. तेही माप घ्यायचं. दोन्हींतल्या अंतरावरून आवाजाचा वेग काढायचा. शांतता असेल तर दहा मिनिटांचं काम.

शांतता असेल तर.

लेक भिंगरी जन्मायच्या आधी ती एका एक्स-रे सेंटरच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची. तिथला टेक्निशियन एकदा म्हणाला होता, "ताई, तुम्ही नुसती नावं काय लिहीत बसलाय? तुम्ही हे मशीन चालवाल." ते वाक्य तिने सहा वर्षं जपलं होतं. टेक्निशियनच्या कोर्सला पहिल्या वर्षाचं फिजिक्स लागतं म्हणून तिने घरून शिकायच्या कॉलेजात नाव घातलं. तास मोबाइलवर, प्रयोगाचं सामान खोक्यातून घरी. प्रॅक्टिकल सुटलं की प्रवेश, नाहीतर वर्ष गेलं. आणि गेलेलं वर्ष पुन्हा मागायला तोंड लागतं.

तसं तिला कुणी अडवलं नव्हतं. "कर ना, कोण नाही म्हणतंय?" असं नवरा पहिल्या दिवशीच म्हणाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या बोळकांडीत लोंबकळत असायचा. गेल्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो भिंगरीला बागेत घेऊन गेला. सासूबाईंनी तर कमालच केली. खोकला आला तरी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या. पहिलं माप मिळालं: सोळा सेंटिमीटर. आणि तेवढ्यात नणंद दोन्ही मुलांना घेऊन दारात. "सहज आले गं वहिनी, तुझं चालू दे." चहा, मुलांना खायला, मग स्वयंपाकच. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "झालं का?" त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "झालं."

भाजी शिजता शिजता तिने दुसरं माप वहीत लिहून टाकलं. पुस्तकात दिलंच होतं की दुसरी उंची पहिल्याच्या तिप्पट. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. नवऱ्याने त्या रात्री आइस्क्रीम आणलं. सासूबाईंनी खालच्या मजल्यावर जाऊन सांगितलं, "आमची सून आवाजाचा वेग मोजते." तर खालच्या काकू म्हणाल्या म्हणे, "मग आमच्या ह्यांचं घोरणं मोजून दे म्हणावं." तीन दिवस घरात तो विनोद पुरला.

काल कॉलेजच्या मॅडमनी तिला एकटीला मोबाइलवर बोलावून घेतलं.

"सोळा आणि अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या. "बरोबर तिप्पट."

"हो, मॅडम."

"नळी इतकी शहाणी नसते हो."

"हवा नळीच्या तोंडाशी येऊन थांबत नाही. थोडी बाहेर येऊन हलते. म्हणून खरं माप तिपटीहून थोडं जास्तच निघतं. पुस्तकात सोपं करून लिहिलंय. दर सत्राला चारपाच जण मला बरोबर तिप्पट पाठवतात, आणि मला लगेच कळतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमचं पहिलं माप खरं आहे, तेही कळतं. म्हणून शून्य देत नाही. उद्या चारपर्यंत व्हिडिओ पाठवा. एकसंध, मध्ये कुठे कापलेला चालणार नाही. दोन्ही मापं त्यात दिसू देत."

तेव्हापासून घास गिळताना तिला घशात सोळा त्रिक अठ्ठेचाळीस अडकत होतं. घरात सांगायचं तरी काय? तुम्ही खोकला दाबून बसलात आणि मी आकडा ढापला?

आत्ता तीन वाजायला आले होते. भिंगरी आजीच्या कुशीत झोपलेली. तिने रेकॉर्डिंग चालू केलं, काटा टाचेवर आपटला. नळी वर. चौदा, पंधरा... गुणगुण फुगली. सोळा! परत तेच. तिला हसूच आलं. ती पुढे सरकवणार इतक्यात मोबाइल थरथरला आणि फळीवरून घसरून तिच्या मांडीवर पडला. नवरा.

"जेवलीस का?"

"हो."

"आईला गोळी दिलीस?"

"हो हो."

"आवाज असा घुमतोय का? कुठेयस?"

"बाथरूममध्ये."

"अगं मग उचलायचा कशाला! सहजच केला होता. लिफ्टचा पार्ट येईपर्यंत बसलोय नुसता. म्हटलं, बघू काय चाललंय आमच्या शास्त्रज्ञ बाईंचं." तो हसला. "ठेव, ठेव."

रेकॉर्डिंग तुटलं होतं. तिने मोबाइलचं नेटवर्क बंद केलं. हे आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःच्या कपाळावर ओल्या हातानेच एक चापट मारली. तीन वाजून दहा मिनिटं. पुन्हा पहिल्यापासून.

दारावर खालच्या बाजूला टकटक झाली.

"आई. मला आत यायचंय."

"आजीजवळ झोप जा, पिल्लू."

"आजी घोरतेय. तू काय करतेयस?"

"आंघोळ."

"खोटं. पाणी वाजत नाहीये."

पाच वर्षांच्या पोरीला कान कुणाचे मिळालेत कोण जाणे. दारातला हा खटला आणखी दोन मिनिटं चालला तर सासूबाई उठणार. तिने कडी काढली, भिंगरीला आत ओढलं आणि पुन्हा लावली. भिंगरी डोळे चोळत पिंपाकडे, नळीकडे, काट्याकडे बघत राहिली.

"तुला एक काम देते," ती कुजबुजली. "ही नळी मी वर उचलणार. मी मान हलवली की हे रबर खाली सरकवायचं. पाण्याला टेकेपर्यंत. आणि तोंडातून हूं की चूं नाही."

"आणि शू आली तर?"

"तर धरून ठेवायची."

भिंगरीने गंभीरपणे मान डोलावली आणि नळीवर चढवलेलं रबर दोन बोटांत धरलं.

रेकॉर्डिंग. काटा. पंधरा, सोळा. मान हलली, रबर सरकलं, तिने ते माप मोबाइलला दाखवलं. भिंगरीने रबर परत वर ओढून ठेवलं. आता दुसरं. तीस. पस्तीस. हात भरून आला होता, काटा दर थोड्या वेळाने विझायचा, पुन्हा आपटायचा. चाळीस. पंचेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

काही नाही. गुणगुण होती तेवढीच, बारीक. तिने झोकात वहीत लिहिलेल्या आकड्यापाशी नळीने तिची काडीचीही भीड ठेवली नाही.

"अगं, आत कोण आहे?" सासूबाईंचा आवाज. दाराला लागूनच. "मला जायचंय."

तिने डोळे मिटून घेतले. उत्तर द्यावं तर आवाज ऐकू येणार नाही. थांबवावं तर व्हिडिओ तुटेल. काटा विझत आला होता. तिने तो पुन्हा टाचेवर आपटला.

"झालं का गं? किती वेळ झाला! पोट बिघडलंय का? आणि हे मधमाशीसारखं काय वाजतंय?"

भिंगरी आईकडे बघत होती, दोन्ही गाल फुगवून, श्वास कोंडून. एकोणपन्नास. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. नळी आणखी केसभर वर आली आणि आवाज उठला. आधी शंका यावी इतका, मग भरून, मग सगळ्या बाथरूमभर. भिंगरीचं तोंड उघडंच पडलं.

"आई! आत कुणीतरी गातंय!"

तिने मान हलवली. भिंगरीने रबर सरकवत पाण्याला टेकवलं. तिने वाकून बघितलं, एकदा, दोनदा. एकोणपन्नास आणि वर आठ रेघा. तिपटीहून जास्त. तो आकडा तिने मोबाइलसमोर मोठ्याने उच्चारला. आवाज चिरकला, तरी उच्चारला.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "कुणाशी बोलतेयस गं? बरं नाहीये का तुला? त्याला फोन लावू?"

"नको, आई. आलेच."

तिने रेकॉर्डिंग थांबवलं, नेटवर्क चालू केलं, व्हिडिओ पाठवायला लावला. चारला बारा मिनिटं कमी होती. निळी रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. आता कडी काढली तर गोळी, पाणी, पाठीवरून हात फिरवणं, काय झालं, कधी झालं, मला का नाही सांगितलंस. आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर रविवारचं ते कौतुक. ती पाटावर तशीच बसून राहिली. नळीतलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

भिंगरी तिच्या कानाशी आली. तिचा श्वास गरम होता.

"आई, आपण आजीपासून लपलोय?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"बाबांपासून?"

"नाही गं, बाळा. बाबांनी काय केलंय?"

बाहेर सासूबाईंच्या पायांचा अंदाज येत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दार न वाजवता, वाट बघत. भिंगरीने आईची हनुवटी दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवली.

"मग कोणापासून?"