शिंगाळ्याची बुळबुळ

शेफालीचं कौतुक करायला तिच्या बापाला निमित्त लागायचं नाही. महादेव वरळी कोळीवाड्यातला नाखवा. पोरगी परळच्या लॅबमध्ये संशोधन करते, तेही आपल्या शिंगाळ्यावर, म्हटल्यावर गडी जमिनीवर चालतोय कशाला! लॅबला लागणारे शिंगाळे तोच आपल्या बोटीवरून आणून बर्फात घालून पोचवायचा. या मासळीच्या अंगावरच्या बुळबुळीमध्ये पेप्टाइड नावाचा पदार्थ असतो, तो जंतूचं कवचच फोडतो, कुठल्याही इंजेक्शनाला भीक न घालणारे जंतूही त्यानं मरतात, असं शेफालीनं एकदा जेवताना सांगितलं होतं. बादलीभर बुळबुळीतून तो चिमूटभर निघतो आणि अजून उंदरांच्या पुढे गेलेला नाही, हेही सांगितलं होतं. पण बापानं एवढं पुढचं ऐकलं असेल तर शपथ.

मग एके दिवशी जाळं सोडवताना शिंगाळ्याचा काटा त्याच्या उजव्या तळव्यात घुसला. असं झालं की कोळीवाड्यात हात सोसवेल तितक्या कढत पाण्यात बुडवतात आणि मग डॉक्टरकडे जातात. त्याच्या बायकोनं, काशीबाईनं पाणी तापवलंही. नवऱ्यानं पातेलं बाजूला सारलं, त्याच शिंगाळ्याची बुळबुळ जखमेवर चोपडली आणि वर फडकं बांधलं. पोरीचं औषध असताना डॉक्टर कशाला, म्हणाला. शेफाली तेव्हा हैदराबादला याच बुळबुळीवर भाषण द्यायला गेली होती. तिला फोनवर काही बोलू नकोस, आली की बरा झालेला हात दाखवू, असं त्यानं बायकोला बजावलं. आता याला काय म्हणावं!

ती परतली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता आणि बाप तापानं फणफणला होता. परळच्या हॉस्पिटलात नेलं. कच्च्या बुळबुळीमध्ये पेप्टाइड नावापुरतं, जंतू मात्र रग्गड, आणि तेच आत गेले होते. एकही औषध त्यांना लागू पडेना. हात कोपराच्या वर कापावा लागेल, नाहीतर माणूस हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी मायलेकींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. शेफालीच्या तोंडचं पाणी पळालं.

डॉक्टरांना विचारून तिनं जखमेतला थोडा पू लॅबमध्ये नेला, त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि त्यांवर आपल्या पेप्टाइडचा थेंब सोडला. सकाळी बघते तर पांढुरक्या थराच्या मधोमध स्वच्छ, मोकळं वर्तुळ. तेवढ्या जागेत एक जंतू जिवंत नव्हता. एरवी ती लॅबभर नाचली असती. आता स्टुलावर बसून ती हमसाहमशी रडली.

तरी वेड्या आशेनं ती लॅबच्या सरांकडे गेली. बाबांना एवढंसं देऊन बघू, म्हणाली. सर भला माणूस, आवाजही चढवला नाही. उंदरांचं काय झालं ते तूच बघितलंयस ना, एवढंच विचारलं. तिनंच बघितलं होतं. जंतूंबरोबर रक्ताच्या पेशीही फुटल्या होत्या आणि एकही उंदीर वाचला नव्हता.

ऑपरेशनच्या आधी ती बापाच्या खाटेशी आली. काशीबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, लेकीशी धड बोलतही नव्हती.

"तुज्या औषधानं मेले का गो ते जंतू?" महादेवनं विचारलं.

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "मेले, बाबा. सगळे मेले."

एवढ्या तापातही त्याचा चेहरा उजळला. मी सांगत नव्हतो का, अशा नजरेनं त्यानं बायकोकडे बघितलं. मग सुजलेला हात लेकीपुढे धरला. "मंग घाल ना गो, बाय. तुजंच हाय ना?"

"नाही घालता येत, बाबा."

का ते सांगायच्या आधीच तिला रडू फुटलं. बाप तिच्याकडे बघत राहिला आणि त्याला तिचीच दया आली.

"शिंगाले कमी पडले काय?" तो हळूच म्हणाला. "रडू नको. हात बरा झाला का बोट भरून आणतो."

तेवढ्यात त्याला न्यायला माणसं आली.