पेल्यातले जंतू

सभागृह गच्च भरलं होतं. पांढरा कोट घातलेल्या 'जंतुमहाराजां'समोर पावभट्टीवाला, त्याची बायको आणि नऊ वर्षांची लेक उभी होती. लेकीला सिलिअ‍ॅक नावाचा आजार होता. गहू पोटात गेला की आतड्याला इजा व्हायची. घरात रोज ताज्या पावाचा वास आणि पोरीला पावच वर्ज्य, हे बापाच्या जिवाला लागलं होतं.

"दोष पोटातल्या जंतूंचा, आणि तो घराण्यात असतो!" महाराज गरजले. "चावा भात, थुंका पेल्यात!"

तिघांनी चार-चार शितं चावून पाण्याच्या पेल्यांत थुंकली. वर तपकिरी 'अर्क' पडताच तिन्ही पेले काळेनिळे! लोकांनी तोंडात बोटं घातली. मग पांढरी 'रक्षा' पडली आणि पाणी नितळ झालं.

"मेले सगळे! खुशाल पाव चारा पोरीला."

"आधी डॉक्टरीणबाईंना विचारू या," बायको कुजबुजली.

"तुझा आपला नेहमी नन्नाचा पाढा!" तो खेकसला. आठवडाभर त्यानं लेकीला स्वतःच्या हातानं लोणीपाव भरवला. ती "नको बाबा, दुखतं" म्हणाली, तेव्हा त्यानं तिलाच दटावलं. उलट्या-जुलाबांनी पोर भिंत धरून चालू लागली.

त्यातच भट्टीवर त्याचं बोट कापलं. पीठ लागलेल्या बोटावर त्यानं आयोडीन ओतलं. भोवतालचं पीठ काळंनिळं झालं. वीस वर्षं तो हे बघत आला होता. आज मात्र त्याला महाराजांचे पेले आठवले: तोच तपकिरी 'अर्क', तोच रंग! मग लेकीला उचलून त्यानं दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, त्याच्याकडून पेल्यांचा प्रकार ऐकला, मग स्वतः भात चावून पेला काळा करून दाखवला. "भातातल्या पिष्टाला आयोडीन लागलं की असंच होतं. रंग घालवायला क जीवनसत्त्वाच्या गोळीचा चुरा पुरतो."

"मग जंतूंचं सगळंच खोटं?" त्यानं मान खाली घालून विचारलं.

"सिलिअ‍ॅकच्या रुग्णांच्या, कधी त्यांच्या जवळच्या नातेवाइकांच्याही आतड्यातले जंतू वेगळे आढळलेत. पण ते कारण की परिणाम, याचा शोध अजून चालू आहे. पेल्यात ते कुणाला दिसत नाहीत. पोरीचा गहू पूर्ण बंद करा. हा आजार घरात आणखी कुणाला असू शकतो, तेव्हा तुम्ही नवरा-बायकोही रक्त तपासून घ्या."

महाराजांच्या पुढच्या सभेत तो पेले, भात आणि आयोडीन घेऊनच उभा राहिला. धडधाकट दरवान थुंकला, पेला काळा! दुकानदार थुंकला, तोही काळा! त्यानं गोळीचा चुरा टाकला आणि दोन्ही नितळ झाले. महाराजांनी मागच्या दारानं पोबारा केला. लोक हसू लागले.

"हसू नका," तो म्हणाला. त्याला कुणाकडे बघवत नव्हतं. "मला लाज वाटते. लेक दुखतं म्हणाली, मी पेल्यावर विश्वास ठेवला. चमत्कार दिसला तर घरच्या पेल्यात करून बघा, जाणत्याला विचारा. माझ्यासारखं लेकराच्या पोटात करून बघू नका."