गुणाचा हात

माझे सासरे शालीकराम, म्हणजे आमचे मामाजी, यांच्या हाताला गुण होता. सौंदड गावात कोणाचा पाय लचको, खांदा निखळो, माणसं आमच्याच ओसरीवर येऊन बसायची. मामाजी मोहाचं तेल कोमट करून चोळायचे, गप्पा मारता मारता एक हिसका द्यायचे आणि रडत आलेला हसत जायचा. फुकटात! वर चहाही मलाच करावा लागायचा.

दिवाळीच्या तोंडावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगण सारवताना घसरून कुल्ल्यावर आदळल्या. तरी भिंत धरून उठल्या, लंगडत चुलीपर्यंत गेल्या.

"गोंदियाले नेऊन फोटो काढू," मी म्हटलं.

"कायले? हाड मोडलं असतं तर दुर्गेशची माय चालली असती का? नस चढली हाय," मामाजी म्हणाले.

माझा नवरा दुर्गेश बापापुढे ब्र काढत नाही. त्यानं मुकाट्यानं तेल गरम केलं.

हिसका बसला तशा आत्याबाई अशा किंचाळल्या की शेजारीपाजारी धावून आले. पाय बाहेरच्या बाजूला वळला तो वळलाच, आखूडही दिसू लागला. मामाजी "बसन, आता बसन" म्हणत पुन्हा ओढायला गेले, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात. पडल्यावर मोडलं, पण एकमेकांत रुतून बसलं होतं, म्हणून चालल्या. तसंच आणलं असतं तर खिळ्यांवर भागलं असतं. आता सांधाच बदलावा लागेल, आणि यांचं हृदय तेवढी भूल सोसणार नाही. पाय ओढला कोणी?"

मामाजींनी तोंड उघडलं. त्याआधी स्ट्रेचरवरून आवाज आला, "मीच चालली, डॉक्टर. कोणाचं ऐकलं नाही मी."

तेव्हापासून त्या खाटेवरच आहेत. पाठीला जखमा झाल्यात, जेवण तुटलंय. मला मामाजींचा भयंकर राग येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही. ओसरीवर कोणी लंगडत आलं की ते मागच्या दारानं निघून जातात.

काल आत्याबाईंनी हाक मारली. "अजी, चांगला पाय तरी चोळून द्या. लय दुखून राहिला."

मामाजी तेलाची वाटी घेऊन खाटेशी बसले. बोटं बुडवली आणि तसेच बसून राहिले. तेल जमिनीवर गळत होतं.

आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरून हात आपल्या पायावर ठेवला.

"भेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी वरडणार नाही."