सहाव्या खिडकीचा खटका

मित्रांनो, मी एक जुने हेलिकॉप्टर आहे आणि सध्या दिवसातून चार वेळा बुडतो. हसू नका. बुडणे हाच आता माझा धंदा आहे. शेपूट कापले, पाती उतरवली, इंजिन कधीच गेले; उरलेले धड साखळीला बांधून एका खोल तलावावर टांगले आहे. आत शिकाऊ सैनिक पट्टे बांधून बसतात, साखळी सुटते, मी पाण्यात जाऊन उलटा होतो आणि ते खिडक्यांतून बाहेर पडायला शिकतात.

तरुणपणी मी असा नव्हतो. कारखान्यातून बाहेर पडून पहिल्यांदा पाती फिरवली, तेव्हा तीन गावांतले वाळत घातलेले कपडे चौथ्या गावात जाऊन पडले आणि तिथल्या लोकांनी ते घालूनही टाकले. एकदा समुद्रावरून इतक्या खालून उडालो, की माशांना सर्दी झाली. थापा वाटतात? असतील. म्हाताऱ्याला एवढ्या माफ असतात. पण पुढे एका ठिकाणी मी थाप मारणार नाही. ते ठिकाण आले की तुम्हाला आपोआप कळेल.

आमच्या तळावर लढाऊ विमानेही होती. त्यांचा तोरा काय सांगावा! टोकदार नाक, पोटात जेमतेम एक माणूस, आणि मिजास साऱ्या आभाळाची. पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढत. माझ्याजवळ कोणी उभे राहिलेच, तर सावलीसाठी. मी मात्र एका खेपेला बारा मरीन घेऊन जाई. मरीन म्हणजे समुद्रावरून येऊन किनाऱ्यावर लढणारे सैनिक. त्यांचे चिखलाचे बूट, त्यांच्या ओकाऱ्या, त्यांनी आईला न सांगितलेल्या भीती, सगळे माझ्याच पोटात. टोकदार नाकवाल्यांनी यातले काय पाहिले? ढग!

माझी देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला सगळे ‘पाना’ म्हणत. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असे. बायको म्हणे, झोपतानाही तो खाली ठेवत नाही. माझ्या सहा खिडक्यांना सहा पिवळे खटके होते. खटका ओढला की अख्खी खिडकी निखळून बाहेर पडे. पानाचा नियम एकच: आत बसलात की आधी हात खटक्यावर, मग पट्टा. तोही न बघता.

“बघून काय करतोस?” तो एकेकावर ओरडे. “पाण्याखाली अंधार असतो, राजा. तिथं डोळे खिशात ठेवायचे आणि हात कामाला लावायचे!”

मग एकदा तळावर मोठी तपासणी ठरली. झाली धावपळ सुरू. सैनिकांच्या बुटांत फोडांनी भरलेली पावले असली तरी चालतील, बूट चकाकले पाहिजेत, असा तो सगळा कारभार. तळाच्या साहेबांनी फर्मान काढले: झाडाच्या बुंध्यापासून माझ्या शेपटीपर्यंत सगळे रंगवा.

“साहेब, खटक्यांवर रंग नको,” पाना म्हणाला. “सांध्यात जाऊन वाळला की खटका धरतो.”

“मग काय, पाहुण्यांना गंजलेले खटके दाखवू?”

“झाकून ठेवू की.”

“पाना, तू यंत्र बघ. शोभा मी बघतो.”

आणि त्यांनी शोभा बघितली. माझे सहाही खटके राखाडी, गुळगुळीत, सुंदर आणि मेलेले. पाहुणे आले, माझ्या अंगावर हात फिरवून “वा!” म्हणाले. एकानेही खटका ओढून पाहिला नाही. कशाला पाहतील? त्यांना बुडायचे थोडेच होते!

पाहुण्यांची पाठ फिरताच पाना चाकूचे पाते घेऊन रंग खरवडायला बसला. पाच खटके मोकळे झाले. सहाव्याला पाते लावतो तोच हुकूम आला: सरावासाठी लगेच उड्डाण.

“साहेब, एक खिडकी राहिली आहे. अर्धा तास द्या.”

“आल्यावर खरवड. एका खिडकीनं काय होतंय?”

पानाचे खरे तर त्या उड्डाणात कामच नव्हते. तो चढला, सहाव्या खिडकीशी बसलेल्या सैनिकाला म्हणाला, “ऊठ, ही जागा माझी.” आणि तिथे बसला.

मित्रांनो, थाप न मारण्याचे ठिकाण ते हे.

किनारा दिसत असताना माझे यंत्र फुटले. मी पाण्यावर आपटलो, उलटा झालो आणि बुडू लागलो. पुढच्या चार खिडक्या उघडल्या, पुढची माणसे गेली. मागे पाना धरून पाच जण होते आणि उघडलेली खिडकी एकच, पाचवी. पानाने एकेकाचा दंड धरून चौघांना तिच्यातून बाहेर ढकलले. पाचवा तो. तोवर त्याचा श्वास संपला होता. बस. एवढेच झाले. याला मीठमसाला लावायची माझी हिंमत नाही, आणि मी कसला थापाड्या आहे ते तुम्ही पाहिलेच आहे.

लोकांची हिंमत मात्र दांडगी. त्यांनी मला समुद्रातून उपसले, ठाकठीक केले, तळाच्या फाटकाशी चौथऱ्यावर चढवले आणि रंगवले. होय, पुन्हा! सहाही खटक्यांसकट! खाली पाटी लावली: ‘त्याने हसत हसत प्राण अर्पण केले.’ हसत हसत! हे लिहिणाऱ्याला बादलीत तोंड बुडवून हसायला लावा. पानाने दिली ती त्याची जागा, त्याचा श्वास. प्राण त्याच्याकडून घेतला तो तुमच्या रंगाच्या डब्याने, आणि पाटीवर त्या डब्याचे नाव नाही.

दरवर्षी त्याच दिवशी सभा भरे. तेच साहेब, आता आणखी मोठे आणि आणखी रुंद झालेले, ‘बलिदान’ हा शब्द अकरा वेळा उच्चारत. मी मोजत असे. चौथऱ्यावर दुसरे काम काय? पहिल्या रांगेत पानाची बायको आणि लहानगी लेक बसत. लेकीने टाळ्यांसाठी हात उचलले की आई तिचे हात हळूच मांडीवर दाबून धरी.

ती लेक वाढली, पाणबुड्यांचे काम शिकली, तळाच्या तलावावर प्रशिक्षक झाली. तिथे बुडण्याच्या सरावासाठी एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या खिडक्या फुंकर मारली तरी उघडत.

“यात शिकलेली पोरं खऱ्या समुद्रात मरतील,” ती साहेबांना म्हणाली. “मला ते फाटकावरचं हेलिकॉप्टर द्या.”

“अहो, ते स्मारक आहे! तुमच्या वडिलांचं! ते पाण्यात बुडवणार?”

“त्याला सवय आहे, साहेब.”

साहेबांनी नकार दिला. तिने वाद घातला नाही. वर्षाची सभा आली. भाषण आटोपल्यावर ती सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाली, “साहेब, एक फोटो आत बसून होऊ द्या ना. माझ्या वडिलांच्या जागेवर.”

फोटो म्हटल्यावर साहेब विरघळले. आत आले, सहाव्या खिडकीशी बसले, छाती काढली. तिने स्वतः त्यांचा पट्टा बांधला.

“हात खटक्यावर, साहेब. न बघता.”

साहेबांनी हात ठेवला.

“आता ओढा.”

त्यांनी ओढला. मग दोन्ही हातांनी. मग पाय टेकवून. कॅमेरे टिपत होते. वीस वर्षांचा रंग जागचा हलला नाही. साहेबांच्या कपाळावर घाम आला. पाहुण्यांतले कोणीतरी हसले आणि मग गप्प झाले, कारण पानाची बायको उभी राहिली होती.

साहेबांनी खटका सोडला. त्यांनी तो राखाडी रंग नखाने खरवडून पाहिला.

“त्यानं अर्धा तास मागितला होता,” ते पुटपुटले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “घेऊन जा.”

अशा रीतीने मी तलावावर आलो. इथे मला कोणी पॉलिश करत नाही, कोणी माझ्यासमोर भाषण ठोकत नाही. पाच खटके तिने खरवडून, तेल देऊन पिवळे केले. सहावा मुद्दाम तसाच ठेवला आहे. प्रत्येक खेपेला त्या खिडकीशी ती स्वतः बसते.

म्हणून मित्रांनो, सैनिकाचा गौरव करायची उबळ आली, तर आधी हातातला ब्रश खाली ठेवा. त्याच्या खिडकीचा खटका ओढून पाहा. उघडला तर तेल द्या, नाही उघडला तर त्याला अर्धा तास द्या. टाळ्या नंतर वाजवा. नाही वाजवल्यात तरी त्याचे काही अडणार नाही.

आता मला जायला हवे. साखळी करकरते आहे, चौथ्या खेपेची वेळ झाली. मी बुडेन, उलटा होईन. ती खटका ओढेल. तो हलणार नाही. ती सगळ्यांना पुढे ढकलेल, आणि मग पाचव्या खिडकीतून, बाप यायला हवा होता त्याच वाटेने, बाहेर येईल. दिवसातून चार वेळा ती अशी बाहेर येते. मी मोजतो.